मेंढ्यांचे खूर कुजणे : प्रतिबंध व उपचार

मृगाच्या पावसाबरोबर अमरावती व अकोला जिल्ह्यांतील काळी जमीन चिकट होते. ई-क्लासच्या चराऊ जमिनीवर व पाणवठ्यांवर चिखल माजतो आणि मेंढ्यांचे खूर सतत ओले राहतात. अशा वेळी एखादी मेंढी लंगडू लागली, की "काटा मोडला असेल" असे म्हणून पुष्कळदा दुर्लक्ष होते. तेवढ्या अवधीत रोग कळपभर पसरतो. लंगडी मेंढी पोटभर चरू शकत नाही. तिचे दूध आटते व कोकरू उपाशी राहते. लंगडा मेंढा पैदाशीच्या कामी येत नाही.

रोगाचे कारण

हा रोग जंतूंमुळे होतो. ओलाव्याने बेचक्यातील कातडी मऊ पडली, की जंतू आत शिरतात. त्यांपैकी डायकेलोबॅक्टर नोडोसस हा मुख्य जंतू होय. तो रोगट खुरात महिनोन् महिने टिकतो. परंतु मातीत साधारणतः दोन आठवड्यांहून अधिक जगत नाही. म्हणजेच रोगाचे खरे घर जमीन नसून लंगडी मेंढी हे आहे.

रोग कसा ओळखावा ?

प्रथम बेचक्यातील कातडी लाल व ओलसर होते. पुढे खुराचे कवच टाचेकडून सुटू लागते व दुर्गंधी येते. पुढील पाय दुखत असल्यास मेंढी गुडघे टेकून चरते. तोंडात फोड येऊन लाळ गळत असेल तर लाळ-खुरकुताची, आणि ताप, तोंडावर सूज व जीभ निळसर दिसत असेल तर नीलजिव्हा रोगाची शंका घ्यावी व पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

उपचार

लंगडी मेंढी त्याच दिवशी वेगळी करून कोरड्या जागी बांधावी. खूर रक्त येईपर्यंत कापण्याची जुनी रीत सोडून द्यावी. त्यामुळे जखम लवकर भरत नाही. पशुवैद्यकाकडून प्रतिजैविकाचे इंजेक्शन लवकर देवविणे हाच खात्रीचा उपाय होय. इंजेक्शननंतर त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध व मांस वापरू नये.

उरलेल्या कळपास औषधी पाण्यातून न्यावे. दहा लिटर पाण्यास एक किलो झिंक सल्फेट या प्रमाणात द्रावण करून खूर बुडतील इतके उथळ हौदात भरावे. मेंढ्यांना आधी स्वच्छ पाणी पाजावे व खुरांचा चिखल धुवावा. द्रावणात दहा ते पंधरा मिनिटे उभे करून नंतर तासभर कोरड्या जागी ठेवावे. मोरचूद शक्यतो वापरू नये. ते पोटात गेल्यास मेंढीस विषबाधा होते.

प्रतिबंध

१. पावसाळ्यात रात्रीचा वाडा उंच, निचऱ्याच्या जागी करावा.

२. विकत आणलेली मेंढी तीन-चार आठवडे वेगळी ठेवून तिचे चारही खूर तपासावेत.

३. रोगट कळप बसलेल्या जागी दोन आठवडे मेंढ्या नेऊ नयेत.

४. खूर कापण्याचा चाकू प्रत्येक जनावरानंतर जंतुनाशकात बुडवावा.

५. वारंवार लंगडणारी जनावरे कळपातून काढून टाकावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच मेंढपाळ बंधूंना एकत्र करून खूर तपासण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. गावातील सर्व कळपांवर एकाच वेळी उपाय झाल्यास रोगास आसरा उरत नाही. पहिल्या लंगड्या मेंढीकडे त्याच दिवशी लक्ष पुरविले, तर पुढील सारा खर्च व त्रास वाचतो.