मे महिन्यात पास होणारी झुडपं
(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

झाडं लावायची पावसाळ्यात, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. मी त्यात एक भर घालतो. लावायची पावसाळ्यात, पण निवडायची मे महिन्यात. हा धडा मला माझ्या अम्मीनं दिला.

आम्ही कन्हानला राहायला आलो तेव्हा घरापुढचं अंगण अगदी उघडं होतं. सावलीला झाड नाही, पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली. आमच्याकडचं ऊन वेगळं सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण मला हौस दांडगी. फेब्रुवारीत नर्सरीतून गुलाब, जास्वंद आणि क्रोटन आणले. पाणी हापशीचं, आणि ते भरायची अम्मी. मुलाची बाग जगावी म्हणून ती रोज दोन हंडे जास्त वाहायची. नवतपा लागला आणि सगळी बाग वाळली. अम्मी एवढंच म्हणाली, "बेटा, असं झाड आण, जे माझ्या कमरेच्या जोरावर जगणार नाही."

त्यानंतर मी भर उन्हात गावाबाहेर हिंडून पाहिलं. कुणी पाणी घालत नसताना हिरवं काय उभं आहे? नाल्याकाठी निर्गुडी होती, कुंपणाला मेंदी होती, जुन्या घरांपाशी कण्हेर आणि अडुळसा होता.

ही झुडपं तगतात त्याला कारणं आहेत. कण्हेरीचं पान जाड आणि मेणचट असतं. त्याची श्वास घेण्याची छिद्रं पानाच्या खालच्या बाजूला, खळग्यांत, बारीक लवीआड दडलेली असतात. त्यामुळे गरम वारा पानातलं पाणी सहजी ओढून घेत नाही. निर्गुडीच्या पानाची खालची बाजू लवीनं पांढुरकी असते. मेंदीचं पान इवलंसं, म्हणून ते मोठ्या पानाइतकं तापत नाही. अडुळसा कडू, बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत. कुंपण नसलेल्या अंगणात हा गुण लहान नव्हे. मात्र अडुळशाला दुपारनंतर थोडी सावली मिळाली तर बरं. आणि ही चारही झुडपं फांदीपासून लागतात, पैसे मोजावे लागत नाहीत.

दोन सूचना. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. घरात लहान मूल असेल किंवा दारात बकरी बांधलेली असेल, तर ती लावू नका. आणि घाणेरी कितीही चिवट असली तरी आणू नका. ती परदेशातून आलेली, अंगणाबाहेर पसरून रानातली झाडं दाबणारी आहे.

चिवट झुडपालाही पहिलं वर्ष सांभाळावं लागतं. मृगाचा पाऊस मुरला की फांदी लावा, म्हणजे मुळांना पुरता पावसाळा मिळतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मुळं उघडी पडतात. म्हणून आळ्यात चार बोटं पालापाचोळा पसरा. रोज तांब्याभर पाणी शिंपडलं तर मुळं वरच्यावर राहतात. त्यापेक्षा आठ दिवसांनी एकदा पोटभर द्या, म्हणजे ती ओलीच्या शोधात खाली जातात. दोन पावसाळे गेले की झुडूप बहुधा आपलं आपण बघतं. बोगनवेलीला तर फार पाणी दिलं की नुसती पानं येतात, फुलं कमी.

अम्मी आता नाही. तिनं लावलेली मेंदी पश्चिमेच्या भिंतीपाशी उभी आहे. एका उन्हाळ्यात आम्ही तीन आठवडे मुलीकडे राहून परतलो. मला वाटलं, गेली. थोडी पानं गळली होती, बाकी झुडूप हिरवं होतं. घरात आता नळ आहे, हंडा माळ्यावर गेला आहे. तरीही अंगणात नवं झाड आणताना मी आधी विचारतो, याचं पाणी कोण वाहणार?