एम५मधून ड्युअल क्लच का गेला?

मागच्या भागात आपण ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं इतकं कौतुक केलं, की प्रश्नांची रांगच लागली: एवढा भारी आहे, तर बीएमडब्ल्यूने एम५मधून तो काढला का? प्रश्न रास्त आहे. २०११च्या एम५मध्ये सात गिअरचा ड्युअल क्लच होता. २०१७ची एम५ आली ती आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर घेऊन, म्हणजे नेहमीची ऑटोमॅटिक. अनेकांना वाटलं, कंपनीने पैसे वाचवले.

थोडी उजळणी करू. ड्युअल क्लचमध्ये १, ३, ५, ७ हे गिअर एका क्लचवर आणि २, ४, ६ दुसऱ्यावर. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, बस्स. पण हा सगळा अंदाजाचा खेळ. पेटीने वरचा गिअर तयार ठेवला आणि तुम्ही ओव्हरटेकसाठी एकदम पाय दाबला, की तिची पंचाईत होते. जुन्या ऑटोमॅटिकपेक्षा तरीही ती कितीतरी चपळ होती. त्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन ओरडायचं आणि गाडी मागाहून निघायची.

२००९मध्ये झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स आला आणि हा फरक जवळजवळ मिटला. गाडीने वेग घेतला की त्याचा कन्व्हर्टर लॉक होतो, ऑईलमधली ढिलाई संपते. गरज पडली तर तो आठव्यावरून थेट दुसऱ्यावर येतो.

खरी मेख आहे ती गाडी जागेवरून सुटताना. जुन्या एम५चा टॉर्क होता ६८० न्यूटन मीटर, नवीचा ७५०. जुनीत ताकद फक्त मागच्या चाकांना. जास्त झाली तर टायर घसरायचे आणि गिअरबॉक्सवरचा ताण आपोआप हलका व्हायचा. नवीत ताकद चारही चाकांना जाते. टायर घसरत नाहीत, म्हणजे सगळा भार गिअरबॉक्सवर! हा झटका क्लचने झेलायचा तर तो घासणार, तापणार. कन्व्हर्टरमध्ये तो ऑईल झेलतं, वर सुटताना टॉर्क वाढवूनही देतं. कंपनीच्या आकड्यांनुसार ० ते १०० जुनी ४.४ सेकंदांत जायची, नवी ३.४ मध्ये. मोठं श्रेय चार चाकांचं, मान्य. पण गिअरबॉक्स आड आला नाही हे नक्की.

लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोरची गोष्ट वेगळी. तिथे वजन आणि जागा वाचवायला एकच क्लच ठेवला, आणि गिअर बदलताना बसणारा धक्का पत्करला. मला तो सौदा महाग वाटतो.

आणि तुमच्या साध्या गाडीत ड्राय ड्युअल क्लच असेल, तर ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकवू नका. पुढे थोडी जागा होऊ द्या, मग नीट ब्रेक सोडून निघा. सरकताना क्लच अर्धवट धरलेला राहतो, आणि तापतो तो तिथेच.