पुणेरी पलटण : एका व्यावसायिक संघाचा वृत्तान्त

खेळाबद्दल वेतन घेणे योग्य की अयोग्य, हा वाद जुना आहे. इंग्लंडातील फुटबॉल संघटनेने १८८५ मध्ये वेतनास मान्यता दिली. अमेरिकेत तेथील फुटबॉलच्या व्यावसायिक संघांचा समूह १९२० मध्ये निर्माण झाला. आपल्या कबड्डीस ही पद्धती लाभली ती २०१४ मध्ये. त्या वर्षी प्रो कबड्डी लीग या स्पर्धेत जे आठ संघ उतरले, त्यांपैकी पुणेरी पलटण हा एक होय. त्याचा इतिहास आम्हांस बोधप्रद वाटल्यावरून तो येथे संक्षेपाने देत आहो.

तत्पूर्वीची स्थिती प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. आमच्या मूर्तिजापुराशेजारील अमरावतीस १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. या मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ मध्ये बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगी कबड्डीचे प्रात्यक्षिक करून दाखविले. मंडळाचा हेतु व्यायामप्रसाराचा होता, धनार्जनाचा नव्हता. पुढे १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीस स्थान मिळून भारताने सुवर्णपदक जिंकले. तथापि निष्णात गड्यासही चरितार्थासाठी रेल्वे, पोलीस अथवा बँक यांतील नोकरीकडेच पाहावे लागे.

व्यावसायिक स्पर्धेने ही स्थिती पालटली. येथे संघाचा मालक असतो आणि गड्यांचा लिलाव होतो. लिलाव हा शब्द आम्हां वऱ्हाडकरांस बाजाराच्या आवारात परिचित. मनुष्यास तो लावलेला ऐकून प्रथम कानास खटकतो. परंतु केवळ द्रव्याने यश येत नाही, हे पलटणीने आरंभीच अनुभविले. २०१४ व २०१५ या दोन्ही हंगामांत ती अगदी शेवटच्या स्थानी राहिली. २०१६ मध्ये दोन हंगाम झाले, त्या दोहोंत मनजीत छिल्लर याच्या नायकत्वाखाली तिने तिसरा क्रमांक मिळविला. पण विजेतेपद दूरच राहिले.

पुढे नवोदित तरुणांस हाती धरून त्यांस घडविण्याकडे संघाने लक्ष पुरविले. पंकज मोहिते, मोहित गोयत आणि नगर जिल्ह्यातील टाकळीभान या गावचा अस्लम इनामदार हे असेच नवोदित म्हणून आले व पलटणीत वाढले. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईस अंतिम सामन्यात जयपूरकडून २९–३३ असा निसटता पराभव झाला, तरी संघ खचला नाही. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे अस्लमच्या नायकत्वाखाली पलटणीने हरियाणाच्या संघास २८–२५ असे जिंकून प्रथमच विजेतेपद संपादिले. त्या सामन्यात मोहिते याने एकाच चढाईत चार गुण मिळविले.

या विजयात मोहम्मदरेझा शादलुई या इराणी गड्याचा भाग मोठा होता. लिलावात त्याच्यासाठी २ कोटी ३५ लक्ष रुपये मोजले गेले होते. परंतु पुढील लिलावात तो हरियाणाकडे गेला, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी खुद्द पुण्यातील बालेवाडीच्या मैदानावर हरियाणाने जेतेपद पटकाविले! त्याला दोष देण्याचे कारण नाही. व्यवसायाचा नियमच तसा आहे. परंतु काल ज्याच्या पकडीवर पुणेकरांनी टाळ्या दिल्या, तोच आज प्रतिपक्षात पाहून प्रेक्षकाने निष्ठा कोणावर ठेवावी?

अमेरिकेत ग्रीन बे या लहानशा नगराने यास एक उत्तर शोधिले आहे. तेथील पॅकर्स हा फुटबॉलसंघ १९१९ मध्ये निघाला आणि १९२३ पासून त्याचे भाग सामान्य नागरिकांनीच घेतले आहेत. भागधारकांस नफा मिळत नाही. मात्र कोणा धनिकास तो संघ उचलून अन्यत्र नेता येत नाही. गडी येतात व जातात, संघ मात्र गावाचा राहतो.

आमच्या मते वेतन निंद्य नव्हे. श्रम करणाऱ्यास त्याचे मोल मिळावे हा न्यायच होय, आणि खेड्यातील गरीब मुलास त्यामुळे नवा मार्ग खुला झाला आहे. परंतु गडी विकत मिळतो, संघ विकत मिळत नाही. तो नित्याच्या सरावाने व परस्परांवरील विश्वासाने घडवावा लागतो. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीच्या संघाकडून पलटण अंतिम सामन्यात २८–३१ अशी हरली. जय नेहमीच पदरी पडत नाही. आमच्या विद्यार्थिबंधूंनी सायंकाळी मैदानावर उतरताना बर्लिनला गेलेल्या त्या वऱ्हाडी गड्यांचे आणि टाकळीभानच्या या युवकाचे, अशा दोघांचेही स्मरण ठेवावे.