छत्तीस महिने खर्चायचे कुठे?

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल आणि त्यानंतर रेसिडेन्सी. खासगी मेडिकल स्कूलची नुसती फीच अनेक ठिकाणी वर्षाला साठ-सत्तर हजार डॉलरच्या घरात जाते. राहणं-खाणं आणि परीक्षांचे खर्च वेगळेच. बहुतेक मुलं कर्ज काढतात. पण २०२५च्या कायद्याने तिथेही लगाम घातला आहे. पदव्युत्तर शिक्षणाचा जवळपास सगळा खर्च भागवणारी ‘ग्रॅड प्लस’ ही सरकारी कर्जयोजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद करण्याचं त्यात ठरलं. मेडिकलच्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज मिळेल ते वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच.

त्यामुळे लष्करात काही वर्षं काढलेल्या माणसाच्या हातातल्या जीआय बिलाची, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या कायद्याची, किंमत आणखी वाढली आहे. मराठी घरांशीही याचा संबंध येतो. अमेरिकेत वाढलेली आपली काही मुलं तिथल्या सैन्यात जातात. ग्रीन कार्डावरही भरती होता येतं. २००८च्या अखेरीस आलेल्या ‘मावनी’ योजनेत तर व्हिसावर आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनाही भाषेच्या जोरावर भरती होता येत होतं आणि त्या भाषांच्या यादीत हिंदी होती. २०१६ मध्ये ती भरती थांबली, पण त्या वाटेने आत गेलेल्यांचे शिक्षणाचे हक्क शाबूत आहेत.

आधी नोकरी, मग शिक्षण

पुण्याच्या एएफएमसीचा बाँड आपल्याला ठाऊक आहे: सरकार आधी शिकवतं आणि मग सेवा करून घेतं. जीआय बिलात क्रम उलटा. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी पहिल्या कायद्यावर सही केली. आज चालतो तो २००८चा कायदा, १ ऑगस्ट २००९ पासून लागू झालेला ‘पोस्ट-नाइन-इलेव्हन जीआय बिल’.

१० सप्टेंबर २००१ नंतर एकूण ३६ महिने सक्रिय सेवा झाली की लाभ शंभर टक्के. ९० दिवसांवर तो निम्मा असतो आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढतो. ‘पर्पल हार्ट’ मिळालेल्या जखमी सैनिकाला मात्र महिने मोजावे लागत नाहीत. हे मोजमाप वरवर सोपं दिसतं, पण त्यात खाचा आहेत. लष्करी अकादमीतून किंवा आरओटीसी (कॉलेजातलं लष्करी प्रशिक्षण) शिष्यवृत्तीवर अधिकारी झालेल्यांची बंधनकारक सेवेची सुरुवातीची वर्षं यात धरत नाहीत. नॅशनल गार्डमधली महिन्यातून एका वीकेंडची हजेरीही नाही.

लाभ मिळतो तोही ३६ महिन्यांचाच. तो पदवीला वापरा नाहीतर डॉक्टरेटला, सरकारला फरक पडत नाही. फरक पडतो तो वापरणाऱ्याला.

काय काय मिळतं

सरकारी विद्यापीठात राज्यातल्या रहिवाशाला लागणारी पूर्ण फी थेट विद्यापीठात जमा होते. माजी सैनिक दुसऱ्या राज्यातून आला असला, तरी या लाभावर शिकताना सरकारी विद्यापीठाने त्याला रहिवाशाच्याच दराने फी लावायची असते. खासगी संस्थेसाठी मात्र कमाल मर्यादा आहे: २०२५-२६च्या शैक्षणिक वर्षाला २९,९२०.९५ डॉलर.

दुसरा भाग घरभाडे भत्त्याचा. सार्जंटच्या पातळीच्या, कुटुंब असलेल्या सैनिकाला त्या पिन कोडवर जो भत्ता मिळतो, तोच विद्यार्थ्याला. त्यावर प्राप्तिकर नाही. न्यूयॉर्कसारख्या शहरात तो महिन्याला चार हजार डॉलरच्या वर जातो, लहान गावात त्याच्या निम्माही नसतो. पिन कोड धरतात तो प्रत्यक्ष वर्ग जिथे भरतात तिथला. तिसऱ्या-चौथ्या वर्षी रोटेशन चार वेगवेगळ्या हॉस्पिटलांत असतील, तर कुठला पत्ता लागणार हे आधीच विचारून घ्यावं. पुस्तकांसाठी वर्षाला १,००० डॉलरपर्यंत मिळतात. मेडिकलच्या पुस्तकांच्या किमती पाहता त्याबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही.

ऑनलाइन शिकणाऱ्या नर्सेसनी इथे विशेष लक्ष द्यावं. नर्स प्रॅक्टिशनरचे कितीतरी अभ्यासक्रम आता घरबसल्या होतात. पण सगळे विषय ऑनलाइन असतील, तर भत्ता राष्ट्रीय सरासरीच्या निम्मा मिळतो. त्या सत्रात एक विषय जरी वर्गात बसून घेतला, तरी हिशेब प्रत्यक्ष शिक्षणाच्या दराने होतो. दोन-अडीच वर्षांत हा फरक हजारो डॉलरवर जातो.

खासगी कॉलेजातली पिवळी रिबन

समजा, फी ६५,००० डॉलर आहे. जीआय बिलाने २९,९२०.९५ भरले, उरले ३५,०७९.०५. इथे ‘यलो रिबन’ उपयोगी पडते. कॉलेज आपल्या खिशातून जेवढी रक्कम सोडेल, तेवढीच सरकार वर घालतं. कॉलेजने १०,००० सोडले तर सरकारचे १०,०००, आणि विद्यार्थ्याच्या माथी १५,०७९.०५. कॉलेजने निम्मा फरक उचलला, तर विद्यार्थ्याची फी शून्य.

सवलत शंभर टक्के हक्क असलेल्यांनाच मिळते. किती विद्यार्थ्यांना आणि किती रक्कम द्यायची, हे प्रत्येक कॉलेज, आणि कॉलेजातला प्रत्येक विभाग, आपापलं ठरवतो. एकाच विद्यापीठाच्या लॉ स्कूलने हात सैल सोडलेला असतो आणि मेडिकल स्कूलने मूठ आवळलेली. तेव्हा विद्यापीठाचं नाव यादीत दिसलं म्हणून निर्धास्त राहू नये, आपल्या अभ्यासक्रमापुढचा आकडा पाहावा. जागा मर्यादित असतील, तर जो आधी अर्ज करेल त्याला.

दुसरी खाच शिष्यवृत्तीची. कॉलेजने ‘फक्त फीसाठी’ म्हणून दिलेली रक्कम आधी वजा होते आणि सरकार उरलेलीच भरतं. म्हणजे शिष्यवृत्ती मिळूनही हातात काही पडत नाही. तीच रक्कम सर्वसाधारण शैक्षणिक खर्चासाठी म्हणून मिळाली, तर ती विद्यार्थ्याकडे राहते. पत्र निघायच्या आधी एवढा शब्द बदलून मागायला काहीच हरकत नाही.

कोणता अभ्यासक्रम ३६ महिन्यांत बसतो

सगळ्यात चपखल बसतो तो फिजिशियन असिस्टंटचा, आणि त्याला इतिहासही आहे. हा व्यवसाय जन्मला तोच माजी सैनिकांतून. व्हिएतनाम युद्धाच्या काळात नौदलातले कोअरमन, म्हणजे रणभूमीवर जखमा बांधणारे वैद्यक सहायक, घरी परतत होते. पण हातातल्या कौशल्याला नागरी जगात कागदावर किंमत नव्हती. ड्यूक विद्यापीठाचे डॉ. युजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये अशाच चार माजी कोअरमनना घेऊन पहिली तुकडी सुरू केली. १९६७ मध्ये त्यातले तिघे बाहेर पडले. आज हा अभ्यासक्रम साधारण सव्वादोन वर्षांचा असतो. शिवाय प्रवेशासाठी रुग्णसेवेचे शेकडो तास लागतात, ते सैन्यातल्या मेडिककडे आधीच असतात.

फिजिओथेरपीची डॉक्टरेट साधारण तीन वर्षांची. भूल देणाऱ्या नर्सचा अभ्यासक्रम, जो २०२२ पासून नव्याने येणाऱ्या सगळ्यांसाठी डॉक्टरेटचा झाला, तोही सुमारे ३६ महिन्यांचा. दोन्ही नेमके मावतात, पण आधी कुठेही महिने खर्च झालेले नसतील तरच.

मेडिकल स्कूलचं गणित किंचित तुटतं. सुट्टीतले महिने मोजले जात नाहीत, त्यामुळे पहिली दोन वर्षं प्रत्येकी नऊ-दहा महिन्यांतच भागतात. तिसरं वर्ष मात्र जवळपास बारमाही, आणि चौथ्यात कुठेतरी खातं रिकामं होतं. महिने सत्राच्या मध्यावर संपले, तर कॉलेजच्या शिक्षणात ते सत्र पूर्ण होईपर्यंत लाभ चालू राहतो. म्हणून जानेवारीच्या आरंभी एक दिवस शिल्लक असणं आणि डिसेंबरात शून्यावर येणं यांत एका अख्ख्या सत्राच्या फीचा फरक पडतो.

पदवीवर उधळू नये

पदवीचा खर्च भागवायला इतर वाटा पुष्कळ आहेत, पदव्युत्तर शिक्षणाला फारच थोड्या. नोकरीत असतानाच ‘ट्युइशन असिस्टन्स’मधून दर क्रेडिटला २५० आणि वर्षाला ४,५०० डॉलरपर्यंत मिळतात, आणि त्याने जीआय बिलाचा एकही महिना कमी होत नाही. कम्युनिटी कॉलेज स्वस्त पडतं. टेक्सासच्या माजी सैनिकांना हेझलवूड कायद्याने सरकारी विद्यापीठांत १५० क्रेडिटपर्यंत फीमाफी आहे. तरीही सैन्यातून बाहेर पडलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा पहिल्याच सत्रापासून जीआय बिल लावतो, कारण महिन्याचा घरभाडे भत्ता लगेच सुरू होतो. त्याला दोष कसा द्यावा? पण मेडिकलच्या दारात पोचेपर्यंत खातं संपलेलं असतं.

खातं संपत आलेल्यांसाठी दोन वाटा उरतात. दोन वेगवेगळ्या कालखंडांत सेवा करून जुन्या माँटगोमेरी जीआय बिलाचाही हक्क कमावलेला असेल, तर दोन्ही मिळून ४८ महिने वापरता येतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रुडिसिल खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी हे स्पष्ट केलं. ते वाढीव १२ महिने मेडिकलच्या चौथ्या वर्षाला बरोबर पुरतात. दुसरी वाट एडिथ नोर्स रॉजर्स शिष्यवृत्तीची: विज्ञान शाखेची पदवी हातात असून मान्यताप्राप्त क्लिनिकल प्रशिक्षण घेत असाल, तर आणखी नऊ महिने किंवा ३०,००० डॉलर. त्यासोबत यलो रिबन मात्र चालत नाही.

सेवेत अपंगत्व आलेल्यांनी तर जीआय बिलाला हात लावण्याआधी पुनर्वसन योजनेच्या समुपदेशकाला भेटावं. तिथे ठरावीक फीमर्यादा नसते. मात्र ते शिक्षण नोकरीसाठी गरजेचं आहे, हे समुपदेशकाला पटवून द्यावं लागतं, आणि मेडिकल स्कूलच्या बाबतीत तेच जड जातं.

पुन्हा वर्दी चालणार असेल तर

मग आपल्या ओळखीचा बाँड येतो. १९७२च्या कायद्याने सुरू झालेली एचपीएसपी शिष्यवृत्ती पूर्ण फी आणि दरमहा विद्यावेतन देते. बदल्यात शिष्यवृत्तीच्या प्रत्येक वर्षाला एक वर्ष सेवा, आणि रेसिडेन्सीची वर्षं त्या फेडीत धरत नाहीत. त्याच कायद्याने मेरीलँडमध्ये बेथेस्डाला लष्कराचं स्वतःचं आरोग्यविज्ञान विद्यापीठ उभं राहिलं. तिथे फी नाहीच, उलट विद्यार्थ्याला अधिकाऱ्याचा पगार मिळतो. बंधन सात वर्षांचं. ज्याला सैन्य आवडतं त्याच्यासाठी हा सौदा उत्तम. ज्याने कंटाळून वर्दी उतरवली, त्याने केवळ फीपायी पुन्हा चढवू नये असं मला वाटतं.

मुलांच्या नावावर

लाभ जोडीदाराला किंवा मुलांना देता येतो, पण ते नोकरीत असतानाच करावं लागतं: सहा वर्षं झालेली असावीत आणि आणखी चार करायची तयारी हवी. निवृत्त झाल्यावर सुचून उपयोग नाही. मुलाने तो २६ वर्षांचा होईपर्यंत वापरायचा असतो. बाविसाव्या वर्षी पदवी आणि लगेच मेडिकलला प्रवेश, असं सरळ घडलं तरच तो जेमतेम पुरतो. मध्ये एक-दोन वर्षं संशोधनात किंवा प्रवेशपरीक्षेच्या तयारीत गेली, की शेवटची सत्रं हातची जातात.

कागदपत्रं

सेवामुक्तीचा डीडी-२१४ दाखला, २२-१९९० क्रमांकाचा अर्ज आणि त्यावर येणारं पात्रतेचं प्रमाणपत्र, इतकं जवळ असलं की पुढचं काम कॉलेजातल्या प्रमाणन अधिकाऱ्याचं. २०१३ पासून पुढे सेवामुक्त झालेल्यांना वापरायची मुदत नाही; आधीच्यांना १५ वर्षांची आहे. प्रवेश झाल्यावर दर महिन्याला ‘अजून शिकतो आहे’ अशी खात्री द्यावी लागते, ती साध्या मेसेजवरही देता येते. लागोपाठ दोन महिने ती दिली नाही, तर घरभाडे भत्ता थांबतो. रोटेशनच्या रात्रपाळ्यांत तो मेसेज हमखास राहून जातो.