भरल्या ताटावर उपाशी: प्राण्यांच्या स्वादुपिंडाविषयी

स्वादुपिंड म्हटलं की आपल्याला मधुमेह आठवतो. पण इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी या ग्रंथीत अगदी थोड्या असतात. बाकी जवळजवळ सगळा पसारा पाचकरसासाठी आहे. आज आपण त्याच भागाकडे बघू.

सुरुवात सशापासून करू. क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाला आपण तत्त्वज्ञानवाले प्रयोगपद्धतीचा विचारवंत म्हणून ओळखतो. 1865 सालच्या आपल्या पुस्तकात तो सांगतो की, बाजारातून आणलेल्या सशांची लघवी नितळ आणि आम्लधर्मी निघाली. गवत खाणाऱ्याची तर गढूळ आणि अल्कधर्मी हवी! त्याने ताडलं की ससे उपाशी आहेत आणि स्वतःच्याच मांसावर जगताहेत. म्हणजे शाकाहारी प्राणी उपासात मांसाहारी झाला. पडताळा म्हणून त्याने सशांना मांस खाऊ घातलं आणि मग पोट उघडून पाहिलं. आतड्यातून चरबी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या, पण जठराला लागून नव्हे, तर जवळजवळ फूटभर खाली. कुत्र्यात त्या बऱ्याच वरून पांढऱ्या दिसतात. हा फरक का? तर सशात स्वादुपिंडाची नळी आतड्याला तिथेच, इतक्या खाली मिळते. चरबी पचवण्यात या रसाचा वाटा किती मोठा, ते सशाच्या रचनेतच लिहिलेलं होतं. निघाला होता लघवीचं कोडं सोडवायला, आणि हाती लागलं हे.

आता रचना. द्राक्षांचा घड डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक मणी म्हणजे पेशींचा पुंजका, देठ म्हणजे बारीक नळी. असे देठ जुळत जुळत मोठी नळी होते आणि आतड्यात उघडते. पण इथे एक पेच आहे. मांस पचवणारा रस ज्या ग्रंथीत तयार होतो, ती ग्रंथीही मांसाचीच. मग ती स्वतःलाच का पचवत नाही? कारण रस तिथे कुलूपबंद असतो. ट्रिप्सिन हे विकर आधी ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात बनतं, आणि त्याची किल्ली आतड्याच्या अस्तरात असते. शिवाय चुकून थोडं ट्रिप्सिन जागं झालंच, तर त्याला आवरणारं प्रथिनही ग्रंथीतच ठेवलेलं असतं. हा बंदोबस्त मोडला की स्वादुपिंडदाह होतो. कुत्रा ओकतो, पोट दुखतं म्हणून पुढचे पाय टेकून मागचा भाग उंच धरतो. तेलकट-तुपकट उरलंसुरलं लाडाने कुत्र्यापुढे टाकू नये, ते यासाठीच बरं का.

दुसरा आजार याच्या उलट: रसच नाही. अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्ड, जातीत तो विशेष आढळतो. शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा त्या पुंजक्यांचा हळूहळू नाश करते. इन्सुलिनच्या पेशी मात्र बहुधा वाचतात. गंमत नव्हे, पंचाईत अशी की सुमारे 90 टक्के क्षमता संपेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. मग कुत्रा सारखा खा-खा करतो आणि तरी वाळत जातो. शी ढीगभर, फिकट, तेलकट होते. कधी तो तीच खातो. घरचे त्याला हावरट म्हणून रागावतात, जंताचं औषध पुन्हा पुन्हा देतात. आमच्या मते हा त्या मुक्या जिवावर अन्याय आहे. बेर्नारचा ससा अन्नावाचून स्वतःला खात होता, हा भरल्या ताटापुढे तेच करतो.

निदान उपाशीपोटी घेतलेल्या रक्ताच्या तपासणीने होतं. त्या तपासणीत रक्तातलं ट्रिप्सिनोजेन मोजतात, आणि या आजारात ते फारच कमी भरतं. मांजरातही हा आजार होतो, पण तिथे बहुधा जुनाट दाहामुळे. उपचार म्हणजे डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेली विकरांची पूड, प्रत्येक जेवणात कालवून, बहुधा जन्मभर. सोबत बी-12 पाहावं लागतं. ते शोषायला लागणारं प्रथिन माणसात जठरातून येतं, कुत्र्यामांजरांत मात्र मुख्यतः स्वादुपिंडातून. तेव्हा नुसती पूड देऊन वजन वाढलं नाही, तर डॉक्टरांना बी-12बद्दल जरूर विचारा.