फिरतीवरची पंगत

सुट्टीत गावाला जाताना भूक लागली की तुम्ही गाडीच्या खिडकीतून हॉटेल शोधायला लागता ना? झगमगीत पाटी दिसली रे दिसली की, "बाबा, इथेच थांबू या!" पण एखादे आजोबा असे असतात, की ते पाटीकडे बघतसुद्धा नाहीत. हॉटेलच्या बाहेर मालट्रका किती उभ्या आहेत, ते मोजतात. जिथे ट्रका जास्त, तिथे जेवायचं, हा त्यांचा नियम.

आजोबांचं गणित साधं आहे, बरं का. सहलीला निघालेला माणूस त्या हॉटेलात एकदाच येतो. त्याला शिळी भाजी वाढली तरी तो पुन्हा भांडायला येणार नाही. ट्रकड्रायव्हर मात्र आज जातो, परवा परत येतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच रस्त्याने जातो. एकदा फसला की पुन्हा तिथे गाडी लावणार नाही, शिवाय चार जणांना सांगेल ते वेगळंच! आणि पोट बिघडलं तर गाडी चालवायची कशी? म्हणून फिरतीवरची माणसं खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, आगगाडी चालवणारे लोको पायलट, गावोगावच्या डॉक्टरांना भेटणारे औषधकंपनीचे प्रतिनिधी, यांना कुठल्या गावात कोणता पदार्थ चांगला, हे तोंडपाठ असतं. चला तर, आज आपल्या पुणे जिल्ह्यातल्या दोन गावांत त्यांच्याबरोबर जेवायला बसू या. एक शिरूर आणि दुसरं दौंड.

शिरूर हे रस्त्याचं गाव. घोड नदीच्या काठी, पुणे-नगर रस्त्याच्या साधारण अर्ध्या वाटेवर. या रस्त्याला एक मोठा मान आहे. १ जून १९४८ रोजी महाराष्ट्रातली पहिली एसटी अहमदनगरहून (म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून) पुण्याला निघाली, ती याच रस्त्याने, शिरूरवरून. ड्रायव्हर होते किसन राऊत आणि कंडक्टर लक्ष्मण केवटे. गाडीची बांधणी लाकडी आणि तिकीट अडीच रुपये! तेव्हापासून किती ड्रायव्हरकाकांनी या वाटेवर चहा घेतला असेल, याचा हिशेब कोण ठेवणार?

अर्ध्या वाटेवरच्या गावात खायला काय मिळायला हवं? जे झटपट मिळेल ते. म्हणून मिसळ! मटकीची उसळ आणि तिखट कट सकाळपासून चुलीवर तयारच असतो. ताटलीत उसळ, वर फरसाण, कांदा, लिंबाची फोड, बाजूला पाव. दोन मिनिटांत ताटली समोर. कंडक्टरकाका आणखी एक 'सँपल' मागतात, म्हणजे वाटीभर जास्तीचा रस्सा. ड्रायव्हरकाका मात्र तर्री बाजूला सारतात. आवडत नाही म्हणून नव्हे हं! तिखट खाऊन तासन् तास एका जागी बसलं, की छातीत जळजळ सुरू होते.

शिरूर, जुन्नर, आंबेगाव या भागाचा आणखी एक पदार्थ म्हणजे मासवडी. नाव ऐकून फसू नका. हिच्यात मासा औषधालासुद्धा नसतो! बेसनाचं पीठ शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर सुकं खोबरं, तीळ, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं आणि फडक्यानेच गुंडाळी करायची. तिला आकार येतो माशासारखा, म्हणून ती मासवडी. वड्या कापून काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्शाबरोबर खायच्या आणि सोबत बाजरीची भाकरी. पण मासवडी करायला वेळ लागतो आणि खायलाही निवांतपणा हवा. म्हणून ती ज्याला गावात मुक्काम करायचा आहे, त्या औषधकंपनीच्या प्रतिनिधीच्या वाट्याला येते. एसटी त्याच्यासाठी थोडीच थांबणार?

आता दौंडला येऊ. शिरूर रस्त्याचं, तर दौंड रुळांचं गाव. भीमा नदीच्या काठचं हे मोठं जंक्शन. पुण्याहून आलेली गाडी सोलापूरकडे जायची असेल तर सरळ पुढे जाते. पण तिला मनमाडकडे जायचं असेल, तर पंचाईत! ती दिशा उलटी पडते. मग दौंडला गाडीचं इंजिन सोडवायचं, दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचं आणि गाडी आली त्याच बाजूने बाहेर काढायची. या खटाटोपात बराच वेळ जायचा. तोवर प्रवासी खाली उतरणार, पाय मोकळे करणार, गरम भजी आणि चहा घेणार. म्हणजे बघा, इंजिन फिरवावं लागायचं म्हणून फलाटावरच्या कढईला काम मिळायचं!

असंच दुसरं उदाहरण मुंबईकडच्या कर्जतचं आहे. बोरघाट चढण्यासाठी गाडीला तिथे जादा इंजिनं जोडतात. त्यासाठी गाडी थांबते आणि तेवढ्यात कर्जतचा दिवाडकरांचा बटाटेवडा प्रवाशांच्या हातात पडतो. तो वडा त्या थांब्यामुळेच नावारूपाला आला. दौंडला आता 'कॉर्ड लाईन' नावाचा जोडमार्ग झाला आहे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या इंजिन न फिरवता त्यावरून जाऊ शकतात. प्रवाशांचा वेळ वाचतो, फलाटावरचा तो निवांत चहा मात्र गेला.

गाडीतले प्रवासी भजी खातात, तेव्हा इंजिनातले लोको पायलट काय खातात? त्यांना मनात येईल तेव्हा खाली उतरता येत नाही. त्यांचं जेवण म्हणजे डबा. भाकरी किंवा पोळी, कोरडी भाजी, ठेचा. रस्सा नको, कारण इंजिनाच्या हादऱ्याने तो सांडतो. मालगाडी असेल तर डबा कधी उघडायला मिळेल, तेही सांगता येत नाही. मागून येणाऱ्या एक्स्प्रेसला वाट द्यायला मालगाडी बाजूला उभी राहिली, की पटकन दोन घास. काम संपलं की परगावच्या मोठ्या स्टेशनवर त्यांच्या विश्रांतीसाठी 'रनिंग रूम' असते. पूर्वी तिथे प्रत्येक जण आपापला शिधा घेऊन जाई आणि तिथला आचारी तो रांधून देई. कुणाचं पिठलं, कुणाची डाळ, कुणाचा रस्सा. वेगवेगळ्या गावांची चव एकाच स्वयंपाकघरात!

दौंडच्या पुढे सोलापूरच्या वाटेवर भिगवण लागतं. भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याचं मागे साठलेलं पाणी भिगवणपर्यंत पसरलं. पाण्याबरोबर मासेमारी आली आणि माशांची हॉटेलंही आली. मासवडीत मासा नसतो. इथे मात्र खराखुरा! तव्यावरची चिलापी आणि लालभडक रस्सा खायला लोक पुण्याहूनसुद्धा येतात.

मी माझ्या वर्गातल्या मुलांना एकदा सांगितलं, "तुमच्या घरातलं कुणी फिरतीवर असेल, तर त्यांना बाहेरचा आवडता पदार्थ विचारून या." दुसऱ्या दिवशी फळा भरून गेला. मिसळ, मासे, वडा, भेळ! रेल्वेत काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा मात्र शेवटी उभा राहिला. म्हणाला, "बाई, बाबा सगळीकडचं खातात, पण घरी आले की म्हणतात, मला फक्त वरण-भात वाढा. आणि रात्री दोन वाजता आले तरी आई गरम करून देते." वर्ग एकदम शांत झाला. कितीतरी मुलांच्या घरी असंच होत होतं.

आता थोडं महत्त्वाचं बोलू. एसटी थांब्यावर उभी असली, की आपण कुरकुरतो, "किती वेळ जेवतात हे!" पण बाळांनो, पोटभर खाण्याची आवड असूनही ड्रायव्हरकाका हात आखडता घेतात. जड जेवण झालं की डोळ्यांवर झापड येते, आणि त्यांच्या मागे चाळीस-पन्नास जीव बसलेले असतात. उपाशी राहिलं तरी लक्ष उडतं, चिडचिड होते. म्हणून बेताचं आणि वेळेवर जेवण हवंच. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ हेच सांगत असे. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. त्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिलीच पाहिजे, असा त्याचा नियम होता. म्हणजे ड्रायव्हरकाकांचा तो अर्धा तास त्यांच्या हक्काचा आहे आणि आपल्या सुरक्षिततेचाही. पालकांनाही एक विनंती. भाड्याची गाडी करून जाताना, "आधी पोहोचू, मग जेवा," असं चालकाला म्हणू नका. आपल्याबरोबर त्यालाही ताट वाढायला सांगा.

आणि तुमच्यासाठी एक उपक्रम. एका मोठ्या कागदावर आपल्या तालुक्याचा नकाशा काढा. रस्ते काळ्या रंगाने, रूळ लाल रंगाने, नद्या निळ्या रंगाने. मग फिरतीवरच्या काका-मामांना विचारून गावागावांपुढे तिथला पदार्थ लिहा. गाडी तिथे का थांबते, हेही लिहा. नदी, घाट, जंक्शन की अर्धी वाट? नकाशा पूर्ण झाला की ज्यांना विचारलंत, त्यांना आधी दाखवा. एखादं गाव तुमच्याकडून राहिलं असेल, तर ते बरोबर सांगतील!