लिफ्टसाठी ऊन

मानखुर्दमध्ये गच्ची एकट्याची नसते. लल्लूभाई कंपाऊंडसारख्या पुनर्वसन वसाहतीत 225 चौरस फुटांच्या खोल्या एकावर एक रचलेल्या, आणि वरची गच्ची साऱ्या बिऱ्हाडांची सामाईक. त्यामुळे सौरपॅनेल बसवायचे की नाही, हे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतच ठरते.

पंतप्रधान सूर्यघर योजनेतला बहुचर्चित 78,000 रुपयांचा आकडा स्वतःचे छप्पर असलेल्या घरांसाठी आहे. सोसायटीला सामाईक वापराच्या विजेसाठी दर किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान मिळते. 22 सप्टेंबर 2025 पासून पॅनेलवरचा जीएसटीही 12 वरून 5 टक्क्यांवर आला. योजनेची मुदत मात्र 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंतच आहे.

एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. पावसाळ्यात बरीच कमी. पाच किलोवॉटचे वीस युनिट चाळीस-पन्नास बिऱ्हाडांत वाटले, तर कुणाच्याच बिलात फरक जाणवणार नाही. तेच कॉमन मीटरला जोडले, तर पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि लिफ्ट यांचा मोठा भार उतरतो. पुनर्वसन इमारतींत मेंटेनन्स थकतो, कॉमन बिल थकते आणि लिफ्ट बंद पडते. मग सातव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला दवाखाना गाठणेही अवघड होते. पॅनेलचा पहिला हक्क लिफ्टचाच असायला हवा. लिफ्ट रात्रीही चालते, पण त्याने अडत नाही: नेट मीटरिंगमध्ये दुपारची जादा वीज ग्रिडला जाते आणि ते युनिट बिलातून वजा होतात.

इथे एक मेख आहे. ग्रिडला जोडलेला, बॅटरी नसलेला इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच सुरक्षेसाठी आपोआप थांबतो. थकबाकीपायी कॉमन मीटर तोडला गेला, तर भर उन्हातही पॅनेल निकामी. म्हणून आधी थकबाकी भरणे, मग पॅनेल, हाच क्रम योग्य.

गच्चीची पाहणी सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तिन्ही वेळा करावी. या वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवे लावावे लागतात. वर ऊन मोकळे असले, तरी पाण्याच्या टाकीची सावली आडवी येते. पॅनेल एका माळेत जोडलेले असल्याने एकावर सावली पडली तरी साऱ्या माळेची वीज घटू शकते. गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी उरकावे. पॅनेल पंचवीस वर्षांसाठी बसतात, ते पुन्हा उतरवणे महागात पडते. 2021च्या तौक्ते वादळानंतर सांगाड्याच्या मजबुतीत काटकसर करण्यात अर्थ नाही.

उरते ती धूळ. देवनारची कचराभूमी जवळ असल्याने कोरड्या महिन्यांत काचा लवकर माखतात. त्या धुण्यासाठी गच्चीवर नळ हवा आणि गच्चीची किल्ली कुणाकडे राहील, हेही त्याच सभेत ठरवावे.